पहिल्याच पगाराला क्रेडिट कार्ड: घ्यावं की नाही?

हिशेबी_काकू (पाचपाखाडी)

लेकीला ऐरोलीत पहिली नोकरी लागलीय. सॅलरी अकाउंट उघडलं तेव्हापासून बँकेचं अ‍ॅप रोज टुणटुण करतंय की तुमच्यासाठी कार्ड मंजूर आहे, फक्त क्लिक करा. आमच्या ह्यांचं म्हणणं कार्ड म्हणजे कर्ज, आणि आपल्या घरात कर्ज नको. माझं मत बरोब्बर उलटं आहे. पटलं नाही तर खुशाल सोला, पण कारणं द्या, नुसतं "आमच्या वेळी" नको.

माझं म्हणणं, पहिल्या पगारालाच कार्ड घ्यावं, लिमिट कमी करून घ्यावं, त्यावर मोबाइलचा रिचार्ज, लाइटबिल आणि लोकलचा पास एवढंच टाकावं आणि पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट (खात्यातून पैसे आपोआप कापले जातात ते) लावून मोकळं व्हावं. कारण पाच-सात वर्षांनी ही पोरं घोडबंदरला नाहीतर खारघर-उलव्याला फ्लॅट बघायला जाणार, तेव्हा बँक आधी सिबिल काढणार, म्हणजे आधीची उधारी कशी फेडली त्यावरून ठरणारा स्कोर. स्कोर ३०० ते ९०० मधे असतो आणि बऱ्याच बँकांत होमलोनचा रेट स्कोर बघून ठरतो. ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता साधारण ५२,०७० येतो. नऊ टक्के लागले तर ५३,९८५. महिन्याला १,९०० च्या वर फरक, म्हणजे २० वर्षांत साडेचार लाखांच्या वर. रेट फ्लोटिंग म्हणजे बदलता असतो हे माहितीये, पण अंदाज येतो की नाही? तरी हे म्हणतात कर्ज नको, अहो मग घर काय भिशीतून घेणार आहे का ती?

उधार_बंद (कळवा)

काकू, काकांच्या बाजूने पहिलं मत माझं धरा.

तुमचा प्लॅन कागदावर छान आहे, रिचार्ज, लाइटबिल, पास. पण कार्ड घेतलेला कुठला माणूस पासावर थांबलाय ते दाखवा. दिवाळीत सेल लागतो, नवीन फोन "नो-कॉस्ट ईएमआय" वर मिळतो, आणि त्या नो-कॉस्टमधे प्रोसेसिंग फी असते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो हे दुकानातला पोरगा सांगत नाही. आणि साडेचार लाख वाचणार ते २० वर्षांत थोडे थोडे, उलट कार्डाचं बिल एकदा चुकायला लागलं की एवढे पैसे दोन-तीन वर्षांत सहज जातात.

दुसरं, स्कोर म्हणजे तुमची ऐपत नाही. ज्याने आयुष्यात कर्ज काढलं नाही आणि बँकेत २० लाखांची एफडी आहे त्याचा स्कोरच निघत नाही, आणि चार कार्डं फिरवणाऱ्याचा ७८० असू शकतो. म्हणजे बँक विचारतेय की तुम्ही आमचे चांगले गिऱ्हाईक आहात का, आणि आपण पोरांना सांगतोय की गिऱ्हाईक हो. शिवाय सरकारने २०२५ मधे संसदेत स्पष्ट सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला फक्त इतिहास नाही म्हणून नाकारायचं नाही. मग घाई कसली?

घोडबंदरकर (मानपाडा)

@उधार_बंद, नाकारायचं नाही एवढंच सांगितलंय, चांगला रेट द्या असं कुठे सांगितलंय? आणि बँका बाकीचं बघतातच.

पण काकू, तुमच्या प्लॅनमधे एक गोची आहे. लिमिट कमी करू नका. स्कोरमधे वापराचं प्रमाण बघतात. लिमिट १ लाख आणि बिल १५ हजार म्हणजे १५ टक्के, लिमिट २० हजार आणि बिल तेच १५ हजार म्हणजे ७५ टक्के, आणि मग पोरगी एक पैसा न थकवता उगाच पैशाला हपापलेली दिसते. साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात. लिमिट जास्त राहू दे, पण अ‍ॅपमधे जाऊन ऑनलाइन, टॅप, परदेशातले व्यवहार ह्याची बटणं बंद करता येतात आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा लावता येते, ही सोय आरबीआयने ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची केलीय. तिथे हवी तेवढी छोटी मर्यादा लावा.

उधार_बंद (कळवा)

बघा. काकू वीस हजाराचं कार्ड घ्यायला निघाल्या होत्या, दोन पोस्टमधे एक लाखावर आल्या. 😄

रिकव्हरीत_होतो (वागळे इस्टेट)

मी काही वर्षं कार्डाच्या थकबाकीचे फोन करायचं काम केलंय, कुठल्या बँकेसाठी ते सोडा. इथे सगळे स्कोर स्कोर करताहेत, मिनिमम ड्यूबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितोय, लांब होईल.

स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एकूण देणं आणि किमान देणं. समजा ५० हजार थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झालं १,७५० आणि त्यावर जीएसटी ३१५, मिळून २,०६५. किमान देणं पाच टक्के धरलं तर २,५००. म्हणजे माणूस अडीच हजार भरतो, त्याला वाटतं आपण नियमित भरतोय, आणि मुद्दल कमी होतं ४३५ रुपयांनी. बरं एवढ्यावर थांबत नाही, पूर्ण बिल भरलं नाही की पुढच्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवस पण जातात, आज डी-मार्टात कार्ड फिरवलं तर आजपासून व्याज. एटीएममधून कार्डावर कॅश काढली तर पहिल्या दिवसापासूनच, ते तर कधीच करू नये. महिन्याचे साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के होतात हे. ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांच्या वर व्याज नको असा निकाल दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मधे रद्द केला, त्यामुळे तीस टक्क्यांची ती भिंत पण आता नाही.

ज्यांना फोन करायचो ते उधळे असतील असं मला आधी वाटायचं. तसे फार थोडे निघाले. बहुतेकांचं एकच, नोकरी गेली किंवा घरात कोणीतरी आयसीयूत. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा नियम आहे, म्हणून साडेसहाला यादी उरकायची घाई असायची, तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि माणूस दबक्या आवाजात म्हणायचा, साहेब ऑफिसच्या टायमाला करा ना, घरी माहीत नाहीये. मग कधीतरी बँक म्हणते अर्धे भरा, मिटवून टाकू. माणूस सुटलो म्हणून भरतो. आणि क्रेडिट रिपोर्टमधे, म्हणजे ज्यावरून स्कोर निघतो त्या कर्जांच्या नोंदीत, "क्लोज्ड" च्या जागी "सेटल्ड" लागतं, ते कित्येक वर्षं दिसत राहतं, होमलोनच्या वेळी तेच आडवं येतं.

म्हणून माझं मत, आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला पडू दे, मग कार्ड. पहिल्या पगाराला नको.

हिशेबी_काकू (पाचपाखाडी)

@रिकव्हरीत_होतो, सगळं मान्य आहे पण ह्यातलं एकही दुखणं पूर्ण बिलाच्या ऑटो-डेबिटला लागू नाही. तुम्ही सांगताय ते न भरणाऱ्याचं. माझी अट पहिल्याच पोस्टमधे आहे.

रिकव्हरीत_होतो (वागळे इस्टेट)

काकू, ऑटो-डेबिटला खात्यात पैसे लागतात. नोकरी गेली की तेच नसतात. मग डेबिट परत जातं, त्याचा दंड वेगळा, कार्डाची लेट फी वेगळी. आयटीत सध्या काय चाललंय ते ऐरोलीतच विचारा.

पतपेढीवाला (नौपाडा)

वादात उडी मारतो पण जरा वेगळ्या बाजूने.

आपल्याकडे कार्डाला लोक विंचवासारखे घाबरतात आणि त्याच आठवड्यात सहकारी बँकेत जाऊन मेव्हण्याच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन म्हणून सही ठोकून येतात. वाचत पण नाहीत. जामीनदार म्हणून सही केलेलं ते कर्ज तुमच्या स्वतःच्या रिपोर्टमधे दिसतं, मेव्हण्याने हप्ते थकवले की डाग तुम्हाला, वसुलीची नोटीस तुम्हाला. सहीला आलेल्यांना मी विचारतो तेव्हा नव्वद टक्के म्हणतात, "नावापुरती आहे ओ". नावापुरती नसते. तेव्हा काकांना "घरात कर्ज नको" म्हणायच्या आधी त्यांचा स्वतःचा रिपोर्ट काढायला सांगा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क ह्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा स्वतः बघितला तर स्कोर कमी होत नाही. ते साठ-सत्तर रुपये घेऊन रिपोर्ट काढून देणारे सायबरवाले आहेत त्यांच्या नादी लागू नका, तुमचा पॅन आणि ओटीपी देऊन बसाल.

हिशेबी_काकू (पाचपाखाडी)

थांबा थांबा. आमचे हे दोन ठिकाणी जामीन आहेत. एक तर चुलत दिराच्या गाळ्याला. आज विचारतेच.

सीवूड्सची_सई

काका-काकूंनो, त्या मुलीला कोणी विचारलंय का 🙃 मी साधारण तिच्याच वयाची आहे म्हणून सांगते. तुम्ही कार्ड दिलं नाही तरी ती उधारीत नाहीये असं समजू नका. जेवण मागवायच्या, कॅबच्या, तिकिटांच्या अ‍ॅपमधे "नंतर भरा" चं बटण असतं, ते बऱ्याचदा मागे कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं छोटं कर्ज असतं आणि रिपोर्टमधे वेगळं लोन म्हणून लागतं, माझ्या एका मैत्रिणीने रिपोर्ट काढला तर तिला माहीतच नव्हतं की आपली अशी कर्जं आहेत, त्यातलं एक दोनशे-अडीचशे रुपयांचं थकलेलं. दोनशे! त्यापेक्षा एक धड कार्ड बरं, एका जागी बिल दिसतं.

फक्त एक, रुपे कार्ड यूपीआयला जोडता येतं, ते जोडू नका सुरुवातीला. स्टेशनबाहेर वडापाववाल्याकडे स्कॅन केलं की आपण कार्ड वापरतोय हे जाणवतच नाही, महिन्याच्या शेवटी बिल येतं ते सगळं तीस-चाळीस रुपयांचं आणि बेरीज बघून डोळे पांढरे.

कोपरीचा_बाबा

सोपा उपाय आहे ना. वडिलांच्या कार्डावर अ‍ॅड-ऑन कार्ड (त्यांच्याच खात्याला जोडलेलं दुसरं कार्ड) काढून द्या मुलीला. कंट्रोल पण राहील.

घोडबंदरकर (मानपाडा)

@कोपरीचा_बाबा, नाही. अ‍ॅड-ऑनचा इतिहास मूळ कार्डधारकाच्या नावावर जातो, मुलीचा रिपोर्ट कोराच राहणार. आणि काकांकडे कार्ड असतं तर हा धागा निघालाच नसता.

एफडीवर मिळणारं कार्ड हा मधला रस्ता आहे. बऱ्याच बँका देतात, पंधरा-वीस हजारांची एफडी ठेवा, तेवढ्याच्या आसपास लिमिट मिळतं, इतिहास मात्र नेहमीच्या कार्डासारखाच तयार होतो. बुडली तर स्वतःच्या एफडीत बुडेल.

उधार_बंद (कळवा)

म्हणजे स्वतःचे पैसे बँकेत ठेवायचे, मग तेच बँकेकडून उसने घ्यायचे, मग वेळेवर परत करून दाखवायचे, आणि ह्याला पत म्हणायचं. बरं. आणि मघाशी लिमिट कमी करू नका म्हणणारे हेच ना? एफडीवर वीस हजाराचं लिमिट असेल तेव्हा तुमचे ३० टक्के कुठे गेले?

घोडबंदरकर (मानपाडा)

@उधार_बंद, प्रश्न रास्त आहे. रिचार्ज-पास एवढंच टाकलं तर सहा हजारांच्या आत बसतं. जास्त झालं तर बिल निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकायचे, बिलात आकडा कमी दिसतो. १ जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरा दिवसांनी स्कोरवाल्या कंपन्यांना माहिती कळवतात, त्यामुळे सुधारणा पण लवकर दिसते आणि घाण पण लवकर दिसते. तुम्हाला हे हास्यास्पद वाटतं ते कळतं मला, पण घर घेताना बँकेच्या टेबलासमोर तत्त्वज्ञान चालत नाही हो, तिथे प्रिंटआउट चालते.

उधार_बंद (कळवा)

मी घर घेतलंय, कार्डाशिवाय. सोनेतारण काढलं होतं एकदा आणि फ्रिजचे हप्ते, तेवढ्यावर स्कोर आला. त्यामुळे कार्डच हवं हे मला पटत नाही ते नाहीच.

सीवूड्सची_सई

फ्रिजचे हप्ते म्हणजे उधारच की दादा. आयडी बदला 😂

हिशेबी_काकू (पाचपाखाडी)

लेकीला विचारलं (सई, तुझ्यामुळे). ती म्हणाली घेईन पण एफडीवालं, आणि बाबांना सांगेन की ही एफडी आहे. हुशार आहे.

आता कामाचं विचारते. पगार एक तारखेला येतो, कधी कधी तीन तारीख उजाडते. बिलाची तारीख त्याच्या आधी पडली तर?

घोडबंदरकर (मानपाडा)

बिलाची सायकल निदान एकदा तरी बदलून द्यावीच लागते बँकेला, मागा. ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, सात-आठ तारखेला येईल असं बघा. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच थकीत म्हणून कळवतात आणि लेट फी लावतात, पण एकदा तीन दिवस ओलांडले की मोजणी मूळ ड्यू डेटपासूनच होते, त्यामुळे त्या तीन दिवसांवर विसंबू नका. आणि नकोसं झालं तर बंद करा, थकबाकी नसेल तर अर्ज दिल्यावर सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे.

उधार_बंद (कळवा)

मत बदललेलं नाही, पण घेणारच आहात तर: ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर टोटल आणि मिनिमम असे दोन पर्याय असतात. मुलीच्या शेजारी बसून टोटलवर टिक करून घ्या. आणि काकांच्या जामिनाचं काय झालं ते इथे लिहा, त्याची मला जास्त काळजी वाटतेय.