शब्दचर्चा: ‘पुढचा मॅनेजर कोण?’ की ‘पुढचा प्रशिक्षक कोण?’

डावखुरा
मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या आम्हा मराठी चाहत्यांचा एक गट आहे. तिथल्या मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली, किंवा होणार अशी कुजबुज सुरू झाली, की गटात मतदान घ्यायची आमची रीत. २०१३ पासून या कामाचा आम्हाला चांगलाच सराव झालाय. प्रश्न लिहायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी लिहिलं, ‘क्लबचा पुढचा व्यवस्थापक कोण व्हावा?’ झालं! उमेदवार राहिले बाजूला आणि सगळे ‘व्यवस्थापक’वर तुटून पडले. एक म्हणाला, व्यवस्थापक बँकेत असतो. दुसरा म्हणाला, पेपरात प्रशिक्षक लिहितात, तेच लिही. तिसऱ्याचं म्हणणं, ‘मॅनेजर’च ठेव, उगाच सोवळं कशाला. तर जाणकारांनी सांगावं: मॅनेजर, हेड कोच, केअरटेकर, इंटरिम यांना मराठीत काय म्हणावं? आणि मुळात म्हणावंच का?

जोडाक्षर
प्रशिक्षक. विषय संपला.
मराठी वाचकाच्या डोक्यात खेळ म्हणजे आधी क्रिकेट, आणि क्रिकेटमधला संघाचा मॅनेजर म्हणजे तिकिटं, हॉटेल, सामान बघणारा गृहस्थ. फुटबॉलच्या बातमीत ‘व्यवस्थापकाची हकालपट्टी’ वाचलं की वाटतं, याने कुणाची बॅग हरवली की काय.

मधली फळी
जोडाक्षर, इतक्यात संपवू नका हो. तुमचं क्रिकेटचं उदाहरणच तुमच्यावर उलटतंय. नव्वदच्या दशकात अजित वाडेकर भारतीय संघाचे मॅनेजर होते. ते काही बॅगा मोजायला नव्हते. आज मुख्य प्रशिक्षक जे करतो तेच काम ते करत होते, आणि तेव्हा पेपरात मॅनेजरच छापून यायचं. म्हणजे शब्दाला अर्थ चिकटतो तो त्या काळच्या कामावरून.

आता फुटबॉल. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ युनायटेडचा मॅनेजर होता. त्याला प्रशिक्षक म्हणून बघा बरं. तो बहुतेक वेळा सराव घ्यायचाच नाही! त्याआधी स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन क्लबात असताना सहायक आर्ची नॉक्सने त्याला सुनावलं होतं की सगळं तूच करणार असशील तर मी इथे कशाला आहे? तेव्हापासून फर्ग्युसन मैदानाच्या कडेला उभा राहून नुसता बघायचा. कोण पाय ओढत चाललाय, कुणाचा चेहरा पडलाय, कुणाचं लक्ष दुसरीकडे आहे. सराव घ्यायला कार्लोस केरोश, स्टीव्ह मॅक्लॅरेन यांच्यासारखी माणसं होती. कुणाला विकत घ्यायचं, कुणाला नारळ द्यायचा, अकादमीतल्या कोणत्या पोराला कधी उतरवायचं, हे मात्र त्याच्या हातात. अशा माणसाला प्रशिक्षक म्हणणं म्हणजे त्याने जे काम दुसऱ्याला दिलं होतं, नेमकं त्याचंच नाव त्याला देणं.

इंग्लंडमध्ये हे पद घडलंच भांडून. १९४६ मध्ये वॉल्टर विंटरबॉटम राष्ट्रीय संघाचा पहिला मॅनेजर झाला, पण अकरा जण निवडायची निवड समिती. म्हणजे त्याला मॅनेजर म्हणायचं, पण संघ दुसऱ्यांनी ठरवायचा. त्याच्यानंतर आलेल्या अल्फ रॅम्सीने पद घेतानाच अट घातली की संघ मीच निवडणार. इंग्लंडने १९६६ चा विश्वचषक जिंकला तो त्यानंतर. मॅनेजर या शब्दात ही ‘मीच निवडणार’ची अट मुरलेली आहे. प्रशिक्षकमध्ये ती नाही, व्यवस्थापकमध्ये तर मुळीच नाही.

जोडाक्षर
मुद्दा मान्य. पण वाडेकर ‘होते’ आणि फर्ग्युसन ‘होता’?

मधली फळी
हा हा. पकडलंत. चाहत्यांच्या बोलण्यात परदेशी मॅनेजर एकेरीतच असतो. लिव्हरपूलला क्लॉप आला, आर्सेनलचा व्हेंगर गेला. त्यात अनादर नाही, देवालाही आपण अरेतुरेच करतो. पण एक गंमत बघा, ज्याला घालवायचा असतो तोही एकेरीच. ‘तो कधी जाणार?’ पेपरात मात्र ‘मोरिन्यो यांची उचलबांगडी’. म्हणजे माणसाला उचलून बाहेर टाकायचं, ते आदरार्थी बहुवचनात.

कोरी पाटी
मधली फळी, तुमचा इतिहास बरोबर आहे पण तो वीस वर्षांपूर्वी संपला. आता बहुतेक मोठ्या क्लबांत क्रीडा संचालक असतो, खेळाडू शोधणारा स्वतंत्र विभाग असतो, करारांची बोलणी तिसराच करतो. मैदानावरच्या माणसाकडे उरतो तो संघ आणि सराव. युरोपात पूर्वीपासून असंच आहे, म्हणून जर्मनीत त्याला ट्रेनर म्हणतात आणि स्पेनमध्ये एन्त्रेनादोर. दोन्हींचा अर्थ सरळ प्रशिक्षक. (इटलीत खेळाडू त्याला ‘मिस्टर’ अशी हाक मारतात. शंभर वर्षांपूर्वी जेनोआत विल्यम गार्बट नावाचा इंग्रज शिकवायला होता, त्याच्यापासून ती पडली असं सांगतात.)

इंग्लंडमध्येही पाट्या बदलल्या. लिव्हरपूलमध्ये क्लॉप मॅनेजर होता, २०२४ मध्ये त्याच्या जागी आर्ना स्लॉट आला तो हेड कोच म्हणून. त्याच वर्षी युनायटेडमध्येही तेच झालं: टेन हाग मॅनेजर, त्याच्यानंतरचा अमोरिम हेड कोच. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर आर्सेनल. मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये हेड कोच म्हणून रुजू झाला. पुढच्या वर्षी एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला आणि सप्टेंबरमध्ये क्लबने त्याचं पद बदलून मॅनेजर केलं. माणूस तोच, मैदान तेच. बढती मिळाली ती शब्दात, आणि खेळाडूखरेदीच्या बैठकीतल्या खुर्चीत.

म्हणून दोन शब्द वेगळेच ठेवा. मॅनेजरला मॅनेजर, हेड कोचला मुख्य प्रशिक्षक किंवा सरळ हेड कोच. दोघांना प्रशिक्षक म्हटलंत तर आर्तेताच्या बढतीची बातमी मराठीत लिहिताच येणार नाही. ‘प्रशिक्षक आर्तेता आता प्रशिक्षक’?

डावखुरा
कोरी पाटी, तुम्ही आमच्या गटातलं भांडणच उलगडून दाखवलंत. आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, नावाला वजन असलेला, चार ट्रॉफ्या जिंकलेला, खेळाडूंना धाकात ठेवणारा माणूस आणा. दुसरा म्हणतो, चाळिशीचा, डोकेबाज, ठराविक पद्धतीने खेळवणारा आणा, नाव नसलं तरी चालेल. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘हा येऊन काय दिवे लावणार’ चालू असतं. खरं तर पहिल्यांना मॅनेजर हवाय आणि दुसऱ्यांना हेड कोच. एकाच जागेसाठी भांडतोय असं वाटतं, पण दोन वेगळ्या नोकऱ्यांच्या जाहिराती डोक्यात आहेत.

लाल पाखरू
लिव्हरपूलवाला आहे, घुसखोरीबद्दल क्षमस्व. तुमच्या गटाचं दुखणं शब्दाचं नाही, मालकांचं आहे. पण ते असो.
मला केअरटेकर आणि इंटरिममध्ये रस आहे. तुमच्याकडे दोन्हींचा साठा भरपूर.

मधली फळी
या, बसा. टोमणा पोचला.
पण नमुने खरंच आमच्याकडे आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमचा मॅनेजर सोल्शायर गेला तेव्हा क्लबने सांगितलं की पुढचे सामने मायकल कॅरिक बघेल, तोवर हंगामअखेरपर्यंतचा माणूस शोधतो, आणि नंतर कायमचा. कॅरिकने तीन सामने काढले, मग राल्फ रांगनिक आला, मग टेन हाग. एकाच खुर्चीसाठी तीन दर्जाची माणसं! मराठीत याला तयार शब्द आहेत, राजकारणाने दिलेले. कॅरिक काळजीवाहू. नवं सरकार येईपर्यंत गाडा ओढायचा, मोठा निर्णय घ्यायचा नाही. रांगनिक हंगामी. टेन हाग पूर्णवेळ किंवा कायम.

जोडाक्षर
थांबा. ‘हंगामी’त घोटाळा आहे. विधानसभेचा हंगामी अध्यक्ष म्हणजे तात्पुरता. पण फुटबॉलमध्ये सीझनला आपण हंगामच म्हणतो. म्हणजे ‘हंगामी प्रशिक्षक’ कुणी ‘तात्पुरता’ असं वाचेल, कुणी ‘या हंगामापुरता’.

मधली फळी
रांगनिक दोन्ही होता. इतका चपखल बसणारा शब्द मी तरी सोडणार नाही.

कोरी पाटी
हा शब्द लोकांना झोंबतो मात्र. २०१२ मध्ये चेल्सी क्लबात दी मातेओ तात्पुरता म्हणून आला, दोन-तीन महिन्यांत एफए कप आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) जिंकला, कायम झाला, आणि नोव्हेंबरात त्याला घरी पाठवलं. त्याच्यानंतर आला राफा बेनितेझ, पदाच्या आधी ‘इंटरिम’ लावून. काही महिन्यांनी बेनितेझने पत्रकारांपुढे उघड नाराजी व्यक्त केली की हे बिरुद मला चिकटवणं ही क्लबची मोठी चूक होती. जाताना युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकून गेला, पण कपाळावरचं ‘तात्पुरता’ शेवटपर्यंत पुसलं गेलं नाही.
सोल्शायरचं उलट. डिसेंबर २०१८ मध्ये काळजीवाहू म्हणून आला, १९ पैकी १४ सामने जिंकला, पॅरिसमध्ये जाऊन तिथल्या पीएसजी क्लबला हरवलं, आणि मार्चअखेर क्लबने त्याला कायम केलं. त्यानंतर लगेच गाडी घसरली. ‘नव्याचे नऊ दिवस’ हा वाक्प्रचार क्लबच्या दालनात फ्रेम करून लावायला हवा.

लाल पाखरू
आणखी एक निरीक्षण. डावखुरे तुमच्या गटात ‘आपण’ म्हणतात का ‘आम्ही’?

डावखुरा
गटात अर्थात ‘आपण’. ‘आपल्याला आधी बचाव सुधारणारा माणूस पाहिजे.’ तुमच्याशी बोलताना ‘आम्ही’.

लाल पाखरू
तेच. मराठीत ही सोय झकास आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यातला फरक बघून कळतं की माणूस घरच्यांशी बोलतोय की शेजाऱ्यांशी. आणि क्लब फारच गाळात गेला की चाहता तिसऱ्या पुरुषात जातो. ‘त्यांनी परत तेच केलं.’ त्या दिवशी समजायचं, हा आता मतदानालाही येणार नाही.

पानगळ
मी फुटबॉल फार बघत नाही, पण मथळे वाचते. ‘प्रशिक्षकपदाची माळ कोणाच्या गळ्यात?’ हे दर वेळी असतं. मग ‘अमुक शर्यतीत आघाडीवर’, ‘तमुकचा पत्ता कट’, आणि माझं आवडतं, ‘गुडघ्याला बाशिंग’. एवढी मराठी जिवंत असताना नुसत्या पदाच्या नावावर काथ्याकूट का?
आणि काढून टाकण्याच्या शब्दांत काही प्रतवारी आहे का? हकालपट्टी, गच्छंती, उचलबांगडी, डच्चू, नारळ.

जोडाक्षर
आहे. डच्चू खेळाडूला, संघातून वगळलं की. पद गेलं त्याला डच्चू म्हणणं मला हलकं वाटतं. नारळ म्हणजे निरोप, वरकरणी मानाचा. युनायटेडच्या व्हॅन हालला २०१६ मध्ये एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत मिळाला तो अस्सल नारळ, हातात कप असतानाच. हकालपट्टीत अपमान आहे. फर्ग्युसननंतर आलेल्या मॉइसशी सहा वर्षांचा करार होता आणि दहा महिन्यांत विषय संपला, ती हकालपट्टी. गच्छंती ही मथळ्यात जागा कमी असते म्हणून. आणि क्लबच्या पत्रकात ‘परस्पर संमतीने’ असेल तर भरपाईचा आकडा जुळला असं वाचायचं.
एक विनंती. ‘त्याने ड्रेसिंग रूम गमावली’ असं कृपया लिहू नका. गमावली म्हणजे काय, किल्ली हरवली? ‘खेळाडू त्याचं ऐकेनासे झाले’ किंवा ‘संघावरचा वचक गेला’ म्हणा.

कोरी पाटी
त्याच पंक्तीत ‘क्लबच्या डीएनएला साजेसा मॅनेजर’ पण बसवा. त्यासाठी ‘घराणं’ हा शब्द सुचवतो. डच प्रशिक्षक रिनुस मिखेल्स, त्याचा शिष्य योहान क्रुइफ, त्याचा ग्वार्दिओला, आणि ग्वार्दिओलाच्या हाताखाली तीन वर्षं सहायक राहिलेला आर्तेता. ही सरळ गुरुपरंपरा आहे. मग चाहत्यांच्या वादालाही नीट नाव मिळतं: आपल्या घराण्याचा माणूस आणायचा की बाहेरचा? बार्सिलोनाने २००८ मध्ये दुय्यम संघ सांभाळणाऱ्या ग्वार्दिओलाला बसवलं, रिआल माद्रिदने २०१६ मध्ये झिदानला, दोघेही त्या-त्या क्लबचे जुने खेळाडू, आणि दोघांनी सोनं केलं. इटलीच्या युव्हेंटसने आपल्या जुन्या खेळाडूला, पिर्लोला बसवलं आणि एका हंगामात परत पाठवलं. घराण्याचा असला म्हणून गाता येतंच असं नाही.

लाल पाखरू
आणि बाहेरच्याला ‘आयात उमेदवार’. निवडणुकीतला शब्द आहे, फुकट मिळतोय.

डावखुरा
सर्वांचे आभार. मसुदा असा केलाय:
‘१. युनायटेडचा पुढचा हेड कोच कोण व्हावा? (हंगामअखेरपर्यंत काळजीवाहू ठेवावा, हा पर्याय स्वतंत्र दिला आहे.)
२. खेळाडूखरेदीत त्याचा शेवटचा शब्द असावा का?’
दुसऱ्या प्रश्नाला जे ‘हो’ म्हणतील त्यांना मॅनेजर हवाय असं मोजेन.

मधली फळी
दुसरा प्रश्न आधी विचारा. नावं बघितली की लोक पुढचं वाचत नाहीत.

जोडाक्षर
‘शेवटचा शब्द’ला इंग्रजीचा वास येतोय. ‘खेळाडू घेण्याचा अंतिम निर्णय त्याचा असावा का?’ करा. आणि काळजीवाहू नको, हंगामी लिहा, नाहीतर मधली फळी परत येतील.

डावखुरा
दोन्ही बदललं, क्रमही बदलला. टाकतोय गटात.