दोन इंटरफेस, दोन्हीत लेबल() आणि वजन(): चादर क्लास कंपाइल होत नाही

पूर्वभाग_कोडर
चादरींच्या कारखान्यासाठी बिलिंगचं प्रोजेक्ट आहे, जावा १७. माल सोलापुरातही विकला जातो आणि परदेशीही जातो, म्हणून 'क्लास चादर इम्प्लिमेंट्स स्थानिकमाल, निर्यातमाल' असं लिहिलंय, म्हणजे चादर हे दोन इंटरफेस (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याची यादी) पाळते. दोन्हीत लेबल() ही डिफॉल्ट मेथड (इंटरफेसमध्येच कोडसह लिहिलेली) आहे. वजन() पण दोन्हीत आहे, पण स्थानिकमाल इंट, म्हणजे पूर्णांक देतो (ग्रॅम) आणि निर्यातमाल डबल, म्हणजे दशांश संख्या (किलो). दोन्हींवर एरर. इंटरफेसचा क्रम बदलून पाहिला, फरक नाही.

जुळे_सोलापूर
क्रमाने फरक पडणारच नाही. डिफॉल्ट मेथड जावा ८ मध्ये, २०१४ साली आल्या, आणि दोन इंटरफेसांतून सारखीच मेथड आली तर कोणती घ्यायची हे कंपायलर स्वतः ठरवत नाही. एकीकडे डिफॉल्ट आणि दुसरीकडे नुसती घोषणा असली, तरी एरर येतोच. चादरमध्ये लेबल() स्वतः लिहा. आत जुना मजकूर हवा असेल तर 'स्थानिकमाल.सुपर.लेबल()' असं इंटरफेसचं नाव घेऊन बोलवा, नुसतं 'सुपर.लेबल()' चालत नाही. मेथडपुढे पब्लिक (कुठूनही वापरता येईल असं सांगणारा शब्द) विसरू नका. इंटरफेसमधल्या मेथड न सांगताही पब्लिक असतात, आणि क्लासमध्ये तो शब्द गाळला की प्रवेश कमी केल्याचा वेगळाच एरर येतो.

तलावकाठ
लेबल() सुटेल, वजन() असं सुटणार नाही. जावाला मेथड ओळखू येते ती नाव आणि पॅरामीटरवरून (कंसात दिलेल्या मूल्यांवरून), रिटर्न टाइपवरून (परत येणाऱ्या मूल्याच्या प्रकारावरून) नाही. त्यामुळे एकाच क्लासमध्ये इंट वजन() आणि डबल वजन() एकत्र नांदू शकत नाहीत. इंटरफेस तुमचेच असतील तर सरळ नावं बदला: वजनग्रॅम(), वजनकिलो(). एकक नावातच दिसतं, आणि बिलिंगमध्ये ते दिसायलाच हवं.

इंटरफेस बाहेरच्या लायब्ररीतला असेल तर चादरवर फक्त स्थानिकमाल ठेवा. 'चादरनिर्यात' हा वेगळा क्लास निर्यातमाल इम्प्लिमेंट करेल. त्यात चादरचा एक फील्ड आणि वजन() मध्ये 'चादर.वजन() / १०००.०'. शेवटचा पॉइंट शून्य महत्त्वाचा. नुसत्या १००० ने भागलंत तर दोन्ही बाजू इंट होतात, १२५० ग्रॅमची चादर १ किलोची दिसते, आणि एररही येत नाही.

(सी शार्प या दुसऱ्या भाषेत 'डबल निर्यातमाल.वजन()' असं इंटरफेसच्या नावानिशी लिहून दोन्ही एकाच क्लासमध्ये ठेवता येतात. जावात ती सोय नाही.)

पूर्वभाग_कोडर
इंटरफेस माझेच आहेत, नावं बदलली, कंपाइल झालं. आता चादर 'माल' या क्लासला एक्स्टेंड करणार आहे (त्याच्या मेथड वारशाने घेणार) आणि त्यातही पब्लिक लेबल() आहे. पुन्हा एरर?

जुळे_सोलापूर
चादरमध्ये तुम्ही लिहिलेली लेबल() आहे तोवर तीच चालेल. ती काढलीत तर मालमधली चालेल, कारण क्लासमधली मेथड डिफॉल्टवर मात करते. तेव्हा एरर येत नाही, हाच धोका: निर्यातीच्या गठ्ठ्यावर गुपचूप मालचं लेबल छापलं जाईल. मालमध्ये लेबल() ॲबस्ट्रॅक्ट (कोडशिवाय नुसती घोषणा) करा, म्हणजे चादर, टॉवेल, प्रत्येक क्लासला आपलं लेबल लिहावंच लागेल.