नवा स्वे बार आणि ती खटखट
पुढचा जाड स्वे बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा, दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारा दांडा) गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकला आणि आता खड्ड्यात खटखट येते, असं तुम्ही लिहिलंय. बोल्ट आधी सैल करा, चाकं रॅम्पवर टेकवून गाडीचं वजन येऊ द्या आणि मगच शेवटचं आवळा. लिंकचे (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीचे) रबरी बुश, म्हणजे मधल्या गाद्या, किंचित फुगले की थांबा. चपटे होईपर्यंत पिळू नका. बुश पॉलियुरेथेनचे असतील तर सिलिकॉन ग्रीसच लावा.

एक मात्र कळकळीने सांगतो, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बार ब्रेकच्या होजला (रबरी नळीला) घासत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

आणि १९ऐवजी २५ मिमीचा भरीव बार म्हणजे जवळपास तिप्पट ताठरपणा! वळणावर पुढची बाजू बाहेर सरकेल, सवय होईपर्यंत जपून चालवा.