‘नस्तीबद्ध’ म्हणजे नक्की झालं काय?

करवीरकर:
आमच्या तालमीतल्या एका पोराला परवा सरकारी पत्र आलं, ‘अर्जदाराने मुदतीत म्हणणे सादर न केल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ पोरगं पत्र घेऊन बिंदू चौकात आलं आणि विचाराय लागलं, दादा, मी जिंकलो का हरलो? खरं सांगतो, मलाबी पटकन सांगता आलं न्हाई. मॅटर असं, मिरवणुकीतल्या मारामारीत त्याचं नाव आलतं, बोटांचे ठसे, फोटो सगळं घेतलं, पुढं कोर्टानं निर्दोष सोडला तरी ठसे तिकडंच, म्हणून त्यानं मानवी हक्कांची तक्रार टाकली, मग नोकरीला पुण्याला गेला, पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहिली आणि ह्यानं एकाला पण उत्तर दिलं न्हाई. तर ह्याला साध्या मराठीत काय म्हणायचं? फेटाळली? निकाली काढली?

मोडीवाला:
नस्ती म्हणजे फाईल, बास. नस्तीबद्ध म्हणजे फाईल बांधून कपाटात. आमच्या आज्जीनं ऐकलं असतं तर ‘नसती उठाठेव’ असंच समजली असती, आणि फार चुकली पण नसती. जुना शब्द ‘दप्तरी दाखल’. दप्तर फारसीतनं आलेलं, पेशवे दप्तरातलं दप्तर आणि पोरांच्या पाठीवरचं दप्तर एकच. ह्या शब्दात एक खरेपणा आहे, कागद फेकला नाही, आत ठेवलाय, उद्या कुणी काढला तर निघेल.

फेटाळली अजिबात नको. फेटाळायचं म्हणजे आधी ऐकायला लागतं, इथं ऐकण्यापर्यंत गाडी गेलीच नाही.

आणि निकाली तर त्याहून वाईट. खासबागेत निकाली कुस्ती म्हणजे कुणाची तरी पाठ लागली, सगळ्या मैदानानं बघितली. हितं एक पैलवान आखाड्यात उतरलाच न्हाई आणि पेपरात काय छापायचं, तर कुस्ती निकाली! सरकारी अहवालात ‘इतकी प्रकरणे निकाली’ असं वाचलं की मला हेच आठवतं, त्यात चितपट किती आणि कंटाळून घरी गेलेले किती हे आकड्यावरनं कळत नाही.

कट्टेकरी:
मग ‘पुढे चाल’ म्हणा की 😄 पोलिसांना पुढे चाल मिळाली.

कोर्टकचेरी:
चेष्टा असली तरी पुढे चाल बरोबर न्हाई भावा, कारण समोरच्याचं म्हणणं खरं ठरलं असं त्यातनं निघतं. आमच्यात ह्याला ‘डिफॉल्टमध्ये गेली’ म्हणतात. दिवाणी दावा वादीच्या गैरहजेरीत असा गेला तर ऑर्डर 9 खाली अर्ज देऊन तो परत मूळ नंबरावर घेता येतो, कारण मात्र पटेल असं द्यायला लागतं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पण असंच आहे, तिथल्या करारातलं कलम 37. अर्जदाराला अर्ज पुढं चालवायचा नाही असं दिसलं की कोर्ट तो यादीतनं काढतं. आपल्या भाषेत बोर्डावरनं काढला. पण दोन गोष्टी बघा, गरज वाटली तर तो परत यादीत घेता येतो, आणि मानवी हक्कांसाठी आवश्यक असेल तर अर्जदार गप्प बसला तरी कोर्टाला चौकशी चालू ठेवायला लागते. म्हणून मी ‘पाठपुराव्याअभावी बोर्डावरून काढली’ म्हणेन. लांब आहे पण खोटं नाही.

तक्रारीत दम होता का नव्हता हा वेगळा विषय. त्याच स्ट्रासबर्गच्या कोर्टानं 2008 साली एस आणि मार्पर ह्या दोघांच्या ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात 17 न्यायाधीशांच्या एकमतानं सांगितलं की दोषी न ठरलेल्यांचे ठसे आणि डीएनए सरसकट ठेवणं म्हणजे खासगी आयुष्यावर अतिक्रमण. त्यातला एस अटकेच्या वेळी 11 वर्षांचा पोरगा होता. आपल्याकडं 2022 च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यात नोंदी 75 वर्षं ठेवायची सोय आहे, म्हणजे पोरगं 25 चं असेल तर त्याच्या शंभरीपर्यंत. पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि निर्दोष सुटला असेल तर वरची सगळी अपिलं संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या, कोर्टानं कारणं लिहून वेगळं सांगितलं नसेल तर, हे पण त्यातच आहे.

मोडीवाला:
ह्यावरनं आठवलं, नोंदी अशा ठेवण्याला इंग्रजीत ‘रिटेन्शन’ म्हणतात, त्याला बातम्यांत ‘जतन’ म्हणतात ते मला खटकतं. जतन आपण आज्जीच्या नथीचं करतो. ‘साठवणूक’ म्हटलं की धान्याचं पोतं दिसतं. माझ्या मते ‘ठेवून घेणं’. घरमालकानं डिपॉझिट ठेवून घेतलं म्हटलं की ते परत द्यायचं होतं हे वेगळं सांगायला लागत नाही. नुसतं ‘ठेवलं’ म्हटलं की ती धार जाते.

आणि खरा शब्द आपल्या गावातच आहे, हजेरी. काही जातींना जन्मानंच चोर धरून रोज हजेरी द्यायला लावायचे, करवीर म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये ती पद्धत बंद केली. शाळेतली हजेरी वेगळी आणि ही वेगळी. माणूस सुटला तरी कागदावर हजर, ही तीच जात.

करवीरकर:
सगळ्यांना धन्यवाद. पोराला सांगितलं, हरला न्हाईस, गैरहजर मांडलाय. ते म्हणालं, मी गैरहजर आणि ठसे हजर, भारी हाय की.

आता अर्ज लिहाय घेतलाय. ‘प्रकरण पुन्हा नंबरावर घ्यावे’ असं लिहू का? तिथं कोर्टाचा शब्द चालतो का ‘पुन्हा विचारात घ्यावे’ बरं पडंल? आणि पत्ता ह्यावेळी तालमीचाच देतोय.