मदत हवी आहे: दोन आमदारांच्या मतदारसंघाची टक्केवारी कशी काढायची?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हँकुव्हर-पॉइंट ग्रे या शहरी मतदारसंघाचा निवडणूकवार तक्ता करतेय. १९९१ पासून एकच आमदार, त्यामुळे पुढचं सोपं आहे. १९९६ पासून गॉर्डन कॅम्पबेल, २०११ च्या पोटनिवडणुकीत क्रिस्टी क्लार्क. २०१३ ला क्लार्क यांचा लिबरल पक्ष प्रांतभर जिंकला आणि मुख्यमंत्री असलेल्या त्या स्वतः मात्र इथे डेव्हिड ईबींकडून हरल्या!

अडलंय ते १९८६ ला. तेव्हा इथून दोन आमदार जायचे, मतदाराला दोन मतं. निवडून आल्या सोशल क्रेडिट पक्षाच्या किम कॅम्पबेल (पुढे कॅनडाच्या पंतप्रधान झाल्या त्याच) आणि एनडीपीच्या (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) डार्लीन मार्झारी, म्हणजे एकमेकांविरुद्धच्या दोन पक्षांच्या एकेक.

एकूण मतांना दोनने भागून मतदारसंख्या धरली, पण काहींनी एकच मत दिलेलं असणार. पक्षाच्या दोन्ही उमेदवारांची बेरीज एकूण मतांत मोजली, तर किम कॅम्पबेलना स्वतःला किती पाठिंबा होता ते दिसत नाही.

मतदारसंघाच्या सीमा बदलल्यात, ते तळटीपेत देणार आहे. केंद्रनिहाय आकडे नकोत.

१९८६ ची १९९१ शी तुलना करायची तर भागायचं कशाने: एकूण मतांनी, की मतदानाला आलेल्या माणसांच्या संख्येने?