मदत हवी आहे: सिबिल ५८८, आईच्या ठेवीवर क्रेडिट कार्ड घ्यावं का?

मंडळी, नमस्कार. मी श्रीवर्धन तालुक्यातला, समुद्राला लागूनच आमची वाडी. जाणकारांनी जरा वेळ काढून सांगावं, कारण पैसे माझे नाहीत, आईचे आहेत.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर एका फायनान्स कंपनीकडून तीन लाख काढून घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. पहिला मे महिना छान गेला. २०२० च्या मार्चला लॉकडाऊन आणि ३ जूनला निसर्ग वादळ. खोल्यांचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी सापडले. पोफळी मुळासकट आडव्या, सगळ्या एकाच बाजूला. नवी पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

२०२२ मध्ये वसुलीवाल्याने सांगितलं, बाकी १ लाख ४२ हजार आहे, एकरकमी ९५ हजार भरा, विषय संपला. बायकोची पाटली मोडून भरले. वाटलं, सुटलो. यंदा खोल्या दुरुस्त करायच्या म्हणून बँकेत कर्ज मागितलं, तर साहेबांनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवली. सिबिलचा स्कोअर, म्हणजे कर्ज कसं फेडलं त्याचे गुण, ५८८, आणि त्या कर्जापुढे शब्द ‘सेटल्ड’. साहेब म्हणाले, आधी मुदत ठेवीवर कार्ड घ्या, वर्षभर नीट वापरा, मग या.

आईची पतसंस्थेतली ३० हजारांची ठेव नुकतीच सुटली आहे. सुपारी सोलून, आमसुलं विकून साठवलेले पैसे. ती म्हणते, घे. माझा हात पुढे होत नाही. ही ठेव बुडू शकते का? ‘सेटल्ड’ पुसता येतं का? बाजारपेठेत एक जण आठ हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणतो, त्याचं काय?

प्रतिसाद:

दादा, त्या आठ हजारवाल्याकडे अजिबात जाऊ नका. खरी नोंद पैसे देऊन कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

‘सेटल्ड’चा अर्थ, कंपनीने ४७ हजार सोडून दिले. ते भरलेत तर ‘नो ड्यूज’, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घेऊन कंपनीलाच नोंद ‘क्लोज्ड’ (कर्ज पूर्ण फिटलं) करायला लावा. भरण्याआधी तसं लेखी घ्या, तोंडी बोलण्यावर एक रुपयाही देऊ नका. उशिराच्या हप्त्यांचा इतिहास मात्र लगेच जात नाही.

आता कार्ड. ठेव बँकेत आणि तुमच्या नावावर लागेल, पतसंस्थेची पावती चालणार नाही. आईंना नॉमिनी करा. ठेवीवर बँकेचा बोजा चढतो, पण व्याज मिळत राहतं. लिमिट साधारण ठेवीच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे तुमचं २४ हजारांच्या पुढेमागे. त्यातले सात हजारांच्या आत वापरा. लाइटबिल आणि गॅस, बास. एटीएममधून या कार्डावर रोख काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

ठेव जाते ती बिल थकवल्यावर. बँक ती मोडून आपले पैसे वळते करते. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून गप्प बसू नका, उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस लाइट आणि रेंज नसते, म्हणून पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल असा ऑटो डेबिट लावा आणि खात्यात पैसे आधीच ठेवा. मी हर्णैला मासळीच्या धंद्यात आहे. माझाही स्कोअर असाच पडला होता, वर आणायला दीड वर्ष गेलं.

धागाकर्ता:

ताई, खूप आभार. तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. थकवलं तरच ठेव जाते, हे तिने दोनदा विचारून घेतलं. सोमवारी तिला घेऊनच बँकेत जातो. ४७ हजारांसाठी कंपनीला आजच अर्ज लिहितोय. अर्जात नेमकं काय मागायचं, याचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.