१३ संघ फिरलेल्या खेळाडूला अपयशी म्हणायचं का?

सीवूड्सकर (धागाकर्ता):
काल नेरुळच्या बास्केटबॉल कोर्टवर सराव संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, इश स्मिथ कुणालाच नको होता. तेरा टीमनी काढला त्याला." मनाला लागलं. मी जिल्ह्यापर्यंत खेळलोय, आता मुलांना शिकवतो, म्हणून लिहितोय.

२०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, स्मिथला कुणी घेतलं नाही. तरी तो एनबीएत १३ संघांकडून खेळला, तो विक्रम झाला. आधीचा विक्रम १२ संघांचा, त्यात ‘जो स्मिथ’ नावाचा दुसरा एक खेळाडूही होता, म्हणजे १९९५ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड! ड्राफ्टमधला पहिला आणि ड्राफ्टबाहेरचा, दोघांच्या नशिबी सारखीच वणवण. मग फिरणं म्हणजे नालायकी कशी?

दर वेळी नवं शहर, नवा कोच, नवे प्ले (ठरवलेल्या चाली), आणि पाठ करायला हातात दोन-चार दिवस. माझ्याकडची एक मुलगी शेवटची चार मिनिटं उतरते. बाकावर असताना ती समोरच्या गार्डकडे, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूकडे, टक लावून बघत असते: डावीकडे जाताना तो बॉल किती उंच उसळवतो. उतरली की पहिल्याच फेरीत त्या बॉलवर हात घालते. अशा खेळाडूची किंमत स्कोअरशीटवर दिसत नाही.

कळवेकर:
सर, भावना पोचली, पण मत पटलं नाही. तो संघांना हवा होता म्हणून फिरला असं नाही. ट्रेडमध्ये, म्हणजे संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात तेव्हा, दोन्ही बाजूंचे पगार जुळवावे लागतात, त्या हिशोबात छोट्या करारांची माणसं इकडून तिकडे जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शार्लटच्या संघाने मॉन्ट्रेझ हॅरेल या खेळाडूला आणलं, त्या बदल्यात स्मिथ वॉशिंग्टनच्या संघाला. त्याच उन्हाळ्यात कॉल्डवेल-पोप या खेळाडूबरोबर डेन्व्हरला. मुख्य सौदा दुसऱ्याचा, हा सोबत.

सीवूड्सकर:
त्याच सौद्यामुळे २०२३ मध्ये डेन्व्हरने एनबीएचं विजेतेपद जिंकलं तेव्हा तो त्या संघात होता.

कळवेकर:
प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत, जवळजवळ बाकावरच होता. पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तिकडे फिरस्त्या खेळाडूच्या पायाखाली जमीन आहे. किमान पगार ठरलेला, तो अनुभवाच्या वर्षांप्रमाणे वाढतो. अनुभवी माणूस महाग म्हणून संघांनी टाळू नये, यासाठी एक वर्षाच्या किमान करारात ठरावीक रकमेच्या वरचा भार लीग उचलते. तीन वर्षं भरली की पेन्शनचा हक्क. दहा दिवसांचा करार मिळाला तरी कागद हातात असतो.

आपल्याकडे काय आहे? २०१५ ला सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीग काही वर्षांत बंद पडली. त्याच वर्षी आपल्या सतनाम सिंगला एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलसच्या संघाने ५२ व्या क्रमांकावर घेतलं, अख्ख्या देशाने मिठाई वाटली. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही, आता तो व्यावसायिक कुस्तीत आहे. मुलांना हा रस्ता दाखवू नका. माझा धाकटा भाऊ रेल्वेत खेळाडू म्हणून लागला. गुडघा गेला, पण नोकरी राहिली. आज घर त्यावर चालतं.

वाशीकर:
नोकरी हवीच, कळवेकर. पण नोकरीच्या जागा मोजक्याच. ज्याला ती मिळाली नाही त्याने खेळूच नये का? आपला खेळाडू विशेष भृगुवंशी, त्याला २०१७ मध्ये ॲडलेडच्या संघाने बोलावलं. तो गेला नसता तर आपल्या पोरांना कळलं असतं का, की ऑस्ट्रेलियाच्या लीगचं दारही ठोठावता येतं?

कळवेकर:
ठोठावा, पण आधी पदवी पूर्ण करा. मी एवढंच म्हणतोय, आणि ते म्हणत राहणार.

घोडबंदरची आई:
मी खेळाडू नाही, पण माझी मुलगी ठाण्यात खेळते आणि तीही बाकावरचीच. सामना असला की घरी येऊन बूट न काढताच गॅलरीत बसते. जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणते. दादा, तुम्ही त्या चार मिनिटांच्या मुलीबद्दल इतकं छान लिहिलंत. हे तिला सांगितलंय का कधी? आमच्या सरांनी आजवर एकदाही सांगितलेलं नाही.

सीवूड्सकर:
नाही ताई, सांगितलेलं नाही. तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ गप्प बसलो. मला वाटत होतं, तिला कळत असेल. उद्या सहाला सराव आहे, सुरू व्हायच्या आधी तिच्याशी बोलतो.

कळवेकर, पदवीचं मान्य. अपयशाचं अजूनही अमान्य.